हॉप्स घेताना किलोचा भाव बघू नका!

लातूरच्या आडतीवर सोयाबीन नेलं की व्यापारी आधी काय बघतो? ओलावा. 12 टक्क्यांच्या वर गेला की भाव तुटला. पोतं तेच, वजन तेच, पैसे मात्र कमी.

पुण्यात 2009 साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. आज आपल्या नांदेड-लातूरची पोरंही या धंद्याबद्दल विचारतात. त्यांना मी सांगतो, बिअरसाठी हॉप्स घेतानाही आडतीचाच हिशोब लावा.

हॉप्स म्हणजे एका वेलीची वाळवलेली फुलं. बिअरचा कडवटपणा आणि वास त्यांच्यामुळे येतो. कडवटपणा येतो अल्फा ॲसिडमुळे, आणि त्याची टक्केवारी पाकिटावर छापलेली असते. तीन जाती बघू:

- मॅग्नम (जर्मनी): अल्फा साधारण 12 टक्के. स्वच्छ कडवटपणा, वास कमी.
- साझ (चेक): साधारण 3 ते 4 टक्के. सौम्य, मसालेदार वास. पिल्सनर बिअरची ओळख.
- कॅस्केड (अमेरिका): साधारण 5 ते 7 टक्के. पपनसासारखा वास.

आता वही-पेन घ्या. समजा, मॅग्नम 3000 रुपये किलो आणि साझ 2400. स्वस्त कोण? साझ ना? थांबा! 1 किलो मॅग्नममध्ये अल्फा 120 ग्रॅम. तेवढंच अल्फा 3 टक्क्यांच्या साझमधून काढायला 4 किलो लागेल, म्हणजे 9600 रुपये. स्वस्त माल तिप्पट महाग पडला!

मग साझ घ्यायचंच नाही का? घ्यायचं, पण वासासाठी. कडवटपणासाठी मॅग्नम तासभर उकळा. साझ किंवा कॅस्केड शेवटच्या 5-10 मिनिटांत टाका, कारण जास्त उकळलं की वास उडून जातो.

अजून दोन गोष्टी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघडं पाकीट बाहेर ठेवलं तर अल्फाही जातं आणि वासही. हवाबंद, छोटी पाकिटं घ्या, फ्रीजरमध्ये ठेवा, हंगामाचं वर्ष बघा.

आणि सगळ्यात आधी परवाना. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 प्रमाणे परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, त्यात बिअरही आली. त्यामुळे "घरी जरा करून बघतो" हेही नको. आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या ऑफिसात जा, मगच मशिनरीचं कोटेशन मागवा.

धंदा कोणताही असो, माल वजनावर नाही, त्याच्या कामावर मोजा. तुमच्या कच्च्या मालात असा "अल्फा" कोणता, ते आजच वहीत लिहा!