विश्लेषण : थंडीत कारचे लॉक का गोठते? मनाली-लडाखला निघण्यापूर्वी काय तयारी हवी?

भिंगारच्या थंडीत कारचे लॉक गोठत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा कधी १० अंशांखाली उतरतो, सकाळी काचेवर दव दिसते, इतकेच. पण भिंगार हे छावणीचे गाव. बदलीच्या ठिकाणी स्वतःची कार नेणे फौजी कुटुंबांना नवे नाही. शिवाय ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून लाहौलला हिवाळ्यातही जाता येते. तेथे पहाटे दरवाजा उघडलाच नाही तर काय करायचे, हे घरून निघतानाच माहीत हवे.

नेमके काय गोठते?

लॉक अडते ते थंडीपेक्षा आत शिरलेल्या पाण्यामुळे. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. किल्लीच्या भोकातील बारीक पिना आणि स्प्रिंग त्यात जखडतात. दरवाजाच्या कडेचे रबरी बीडिंग ओले असेल तर ते पत्र्याला चिकटते. अशा वेळी लॉक उघडते, पण दरवाजा हलत नाही. तिसरी जागा म्हणजे दरवाजाचा लॅच. त्यातील ग्रीस थंडीत घट्ट होते, खटका परत बसत नाही आणि उघडलेला दरवाजा बंदच होत नाही.

महाराष्ट्रात असे होऊ शकते का?

क्वचित. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही हिवाळ्यांत गाड्यांच्या टपावर हिमकण दिसतात. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता झपाट्याने गमावतो आणि हवेपेक्षाही थंड होतो. त्यामुळे हवेचे तापमान शून्यावर असले तरी टपावरचे दव गोठू शकते.

दरवाजा उघडत नसेल तर?

आधी बाकीचे दरवाजे आणि डिकी उघडून पाहा. उन्हाच्या बाजूचा दरवाजा बहुधा लवकर सुटतो. दरवाजा ओढण्यापूर्वी कडेने तळहाताने आत दाबा. बीडिंगवरचा बर्फाचा पापुद्रा तुटतो. किल्लीच्या भोकात अल्कोहोलयुक्त पातळ सॅनिटायझरचे काही थेंब सोडा, मिनिटभर थांबा आणि किल्ली हलकेच फिरवा. अल्कोहोल पाण्याचा गोठणबिंदू बराच खाली आणते. जेल सॅनिटायझर मात्र वापरू नका.

काय टाळावे?

उकळते पाणी ओतू नका. थंड काच तडकू शकते आणि तेच पाणी थोड्या वेळाने पुन्हा गोठते. किल्लीवर जोर लावू नका, ती आतच तुटते. चिप असलेली किल्ली लायटरवर तापवू नका. सॅनिटायझर पेट घेतो, त्यामुळे तो वापरताना जवळ आग नको.

घरून निघण्यापूर्वी काय करावे?

गाडी धुतली असेल तर बीडिंग आणि दरवाजाच्या कडा कोरड्या पुसा. रबरावर सिलिकॉन स्प्रे मारा. साध्या तेल-ग्रीसने रबर खराब होते. किल्लीच्या भोकातही तेल नको, आपल्याकडच्या धुळीत त्याचा चिखल होतो. तेथे ग्रॅफाइटची कोरडी पूड चालते. लॅच गॅरेजमध्ये साफ करून घ्या. रिमोटमधील सेल नवा टाका, कारण थंडीत त्याचा जोर कमी होतो. रिमोटमध्ये दडलेली साधी किल्ली कशी काढायची आणि तिचे भोक कुठे आहे, हे एकदा वापरून पाहा. सॅनिटायझर गाडीत नव्हे, खिशात ठेवा. रेडिएटरमध्ये नुसते पाणी असेल तर गोठणरोधक कूलंट भरा, नाही तर इंजिनच फुटू शकते.

आत अडकल्यास धोका कोणता?

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवर्षावात रस्त्यावर अडकून वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यातील अनेक जण आपल्या गाड्यांतच होते. बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजले आणि हीटरसाठी इंजिन चालूच ठेवले, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नसतो, म्हणून तो कळत नाही. त्यामुळे बर्फात थांबावे लागले तर दर थोड्या वेळाने एक दरवाजा उघडून पाहा, सायलेन्सर मोकळा करा आणि काच थोडी खाली ठेवा. इंजिन सतत चालू ठेवू नका. दरवाजा जड जाऊ लागला तर तो पूर्ण गोठण्याआधीच बाहेर पडून कडेचा बर्फ काढा.