आधी उलटं जायचं, मग मुंबईला

नकाशावर पट्टी ठेवली, तर यवतमाळ ते मुंबई विमानतळ हे अंतर सरळ रेषेत साधारण 570 किलोमीटर भरतं. जेटचा ताशी 800 किलोमीटर वेग धरून भागाकार केला की उत्तर येतं पाऊण तासाच्या आतलं. हिशेब बरोबर आहे, फक्त बसायला विमान नाही.

विमानतळ आहे. स्वातंत्र्यसैनिक आणि ‘लोकमत’चे संस्थापक जवाहरलाल दर्डा यांचं नाव त्याला दिलेलं आहे. 2009 साली लातूर, नांदेड, बारामती, उस्मानाबादसोबत तो रिलायन्सच्या कंपनीकडे 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं गेला. एवढ्या लांबलचक करारातून नेमाची प्रवासी सेवा काही उभी राहिली नाही.

म्हणून मुंबई पश्चिमेला असूनही यवतमाळकर निघतो ईशान्येला. कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी करत दीडशेएक किलोमीटर गेल्यावर नागपूरचा सोनेगाव विमानतळ येतो. तिथून मुंबई हवेतून 680 किलोमीटर, म्हणजे घरून मोजली होती त्याहून शंभरावर जास्त! वेळापत्रकात दीड तास लिहिलेला असतो, कारण विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंत चालतं. मुंबईवर घिरट्या घालायची सोयही त्यातच धरलेली. रस्त्याचे तीन तास आणि तपासणीचा दीड तास मिळवला की सहा तास होतात.

नागपूरला देशाच्या मध्यावर असणं फळलं. 1949 पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची टपाल विमानं मध्यरात्री तिथं भेटत, पोती बदलून पहाटेपर्यंत माघारी जात. यवतमाळच्या वाट्याला कायम दुसऱ्याचं स्टेशन आलं. कापसासाठी आलेली नॅरोगेज, आपली ‘शकुंतला’, मूर्तिजापूरपर्यंतचे 113 किलोमीटर रखडत जाई. पण एक मान्य करायला हवं: तिची दिशा तरी मुंबईचीच होती. नाहीतर धामणगावला जाऊन गाडी पकडायची.

16 एप्रिल 2025 ला अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. पंख्याचं एटीआर, जेटहून बरंच हळू. पण बेलोरा नव्वदेक किलोमीटरवर आणि वायव्येला, म्हणजे उलटं जाणं नाही. रस्त्याचे दोन तास, तपासणीचा एक, विमानाचे पावणेदोन: पाच तासांच्या आत काम होतं. हळू विमान जेटला हरवतं ते असं जमिनीवर. अट एवढीच की आपल्याला जायचंय त्या दिवशी ते असावं.

रेल्वेचं म्हणाल, तर वर्ध्याहून नवी ब्रॉडगेज फेब्रुवारी 2024 मध्ये कळंबपर्यंत आली.

दिवाळीला मुंबईहून येणारा मुलगा सोनेगावहून फोन करतो, ‘‘उतरलो गं.’’ आई बरं म्हणते आणि चकल्यांचा घाणा पुढं चालू ठेवते. पोळ्यांची कणीक ती भिजवते कळंबहून फोन आल्यावर.