ऊस पाहून जात, फाईल पाहून आवृत्ती



ऊस नोंदीच्या कामात शेतकी खात्याला आता वहीइतकाच संगणकाचाही आधार घ्यावा लागतो. त्याबाबत मागील एका हंगामात आलेला अनुभव आपणापुढे ठेवीत आहे, कारण तो आपल्या तोडणीच्या पाळीशी निगडित आहे.

गट ऑफिसात एक वयस्क सभासद आले. म्हणाले, "साहेब, माझ्या मागनं लागण केलेल्यांचा ऊस गेला. माझ्या फडाला तुरं आलं. माझी पाळी कुठं अडलीया?"

मी नोंद पाहिली. "आबा, तुमची आडसाली लागण ७ ऑगस्टची दिसते."

"न्हाई साहेब. ८ जुलैला लावलाय. पावती तेवढी पावसात भिजून गेली बघा."

एक महिन्याचा फरक म्हणजे तोडीला महिनाभर उशीर, वजनात घट आणि खोडव्यालाही उशीर. मला शंका आली. त्या वर्षी नोंदी झाल्यावर त्या नव्या प्रोग्रॅममध्ये घेतल्या होत्या. ०८/०७ ही तारीख आपण ८ जुलै अशी वाचतो. पण आधी महिना वाचणाऱ्या पद्धतीने तीच ७ ऑगस्ट होते. वीस किंवा पंचवीस तारखेच्या नोंदींची अशी अदलाबदल होऊ शकत नाही, कारण विसावा महिनाच नाही. म्हणून ही चूक कोणाच्या नजरेस आली नाही.

खरे-खोटे करण्यास एकच मार्ग होता. नोंदी हलविण्यापूर्वी काढलेला बॅकअप उघडणे. फाईल सापडली, पण नावात फक्त तारीख. गट ऑफिसच्या संगणकावर ती लागेना. दुरुस्तीस आलेले गृहस्थ म्हणाले, "फाईल खराब झालीय, टाकून द्या." मी म्हटले, थांबा.

येथे आपल्या धंद्यातील उदाहरण देतो. बेण्याच्या मोळीवर को ८६०३२ अशी चिठ्ठी असली म्हणून आपण विश्वास ठेवतो काय? कांडीचा रंग, डोळ्याचा आकार, पाचटावरची कूस पाहूनच जात ठरवितो. फाईलचेही तसेच आहे. नावावर जाऊ नये, तिच्या अंगावरच्या खुणा पाहाव्यात.

आमच्या नोंदी एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये होत्या. त्याचा नियम असा की, जुन्या आवृत्तीचा बॅकअप नव्या आवृत्तीवर लागू शकतो, परंतु नव्याचा जुन्यावर मुळीच लागत नाही. अशा वेळी फाईलची रचना चुकीची असल्याचा संदेश येऊ शकतो आणि माणूस समजतो की फाईल बिघडली. खरे म्हणजे तिला लायक मशीन मिळालेले नसते.

मग मुख्य ऑफिसातील नव्या आवृत्तीच्या मशीनवर 'रिस्टोअर हेडरओन्ली' ही आज्ञा दिली. तिने माहिती परत भरली जात नाही, फक्त फाईलचा मथळा वाचला जातो. त्यातील सॉफ्टवेअर व्हर्जन मेजर या रकान्यात बॅकअप घेणाऱ्या सर्व्हरची आवृत्ती असते. ११ म्हणजे २०१२, १२ म्हणजे २०१४, १३ म्हणजे २०१६, १४ म्हणजे २०१७, १५ म्हणजे २०१९ आणि १६ म्हणजे २०२२. आमच्या फाईलवर १३ होते, आणि गट ऑफिसचे मशीन २०१४ चे! डेटाबेस व्हर्जनच्या रकान्यात ८५२ होते, तेही २०१६ चेच.

त्याच मथळ्यात कंपॅटिबिलिटी लेव्हल हा रकाना असतो. तेथे ११० दिसले, म्हणून दुरुस्तीवाले फाईल २०१२ ची म्हणू लागले. हा आकडा फसवा आहे. जुन्या प्रोग्रॅमची सोय म्हणून नव्या सर्व्हरवरही तो खालचा ठेवता येतो. आवृत्ती ठरविताना तो धरू नये.

ज्यांच्याकडे फॉक्सप्रोच्या काळातील डीबीएफ फाईली आहेत, त्यांनी फाईलचा पहिला बाईट सोळाच्या पद्धतीने पाहावा. ०३ असल्यास डीबेस तीन किंवा फॉक्सबेसच्या धाटणीची साधी फाईल, ३० असल्यास व्हिज्युअल फॉक्सप्रोची.

आम्ही मूळ फाईल बाजूला ठेवून तिची नक्कल २०१६ च्या मशीनवर लावली. नव्या आवृत्तीवर एकदा चढविलेला डेटाबेस पुन्हा जुन्यावर उतरत नाही, म्हणून मूळ फाईलला हात लावू नये. नोंद उघडली. लागण तारीख ८ जुलै! आबांची पाळी दुरुस्त केली आणि एक ते बारा तारखेच्या सर्व नोंदी तपासावयास घेतल्या. आबा एवढंच म्हणाले, "ऊस थोडा वाळला, पर खोटा न्हाई ठरलो."

यावरून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ऑफिसने प्रत्येक बॅकअपवर तारीख, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि घेणाऱ्याचे नाव लिहावे, व वर्षातून एकदा तो लावून पाहावा. सभासदांनी नोंदीची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवावी, तिच्यावरील लागण तारीख, गट नंबर व क्षेत्र त्याच दिवशी वाचून घ्यावे आणि चूक दिसताच गट ऑफिसला कळवावे. तोड सुरू झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

— ऊस विकास अधिकारी