कुत्र्याच्या आतल्या कानाचं हाड

कुत्र्याच्या कवटीत जुना डीएनए शोधायचा असेल, तर आधी नजर जाते ती आतल्या कानाभोवतीच्या हाडाकडे. पेट्रस म्हणतात त्याला. आकारानं सुपारीएवढंही नाही, पण अख्ख्या सांगाड्यात इतकं घट्ट हाड दुसरं नसतं. मातीतलं पाणी आणि जिवाणू त्यात सहजी शिरत नाहीत. मांडीच्या लांबलचक हाडातून काहीच हाती लागत नाही, तेव्हाही हा तुकडा बऱ्याचदा काहीतरी देऊन जातो.

युरोपातल्या एका प्रयोगशाळेत हे काम मी काचेपलीकडून पाहिलं. आत जायला मला मनाई होती, आणि ते योग्यच होतं. आतल्या खोलीत हवेचा दाब मुद्दाम थोडा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरची धूळ आत येत नाही. टेबलं ब्लीचनं पुसलेली. काम करणाऱ्या बाईंच्या अंगावर पायघोळ पांढरा सूट, तोंडाला मास्क, हातात एकावर एक दोन मोजे. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी तर फारच जपायचं. बाहीला चिकटून आलेला एक केस हजारो वर्षांपूर्वीच्या कुत्र्यावर कुरघोडी करू शकतो.

ड्रिल अगदी सावकाश फिरत होतं. जोरात फिरवलं तर हाड तापतं आणि उरलासुरला डीएनएही जातो. वरचा मळकट थर खरवडून झाल्यावर आतली फिकट पूड जमू लागली. पन्नासेक मिलिग्रॅम झाली की हात थांबतो, कारण हाड संग्रहालयाचं असतं, शक्य तेवढं शाबूत परत करायचं असतं. मग ती पूड ईडीटीए आणि प्रोटिनेज-के यांच्या द्रावणात ठेवतात. एक कॅल्शियम ओढून घेतं, दुसरं प्रथिनं तोडतं. सुटलेला डीएनए सिलिकावर पकडून धुऊन घेतात. या नळ्यांबरोबर एक नळी बिनहाडाची असते. तीही प्रत्येक पायरीतून जाते. तिच्यात कुत्रं निघालं, तर बाकीच्या सगळ्या निकालांवर संशय. मला या साऱ्या खटाटोपात ती रिकामी नळीच सगळ्यात आवडली.

हाती येतात ते पन्नास-साठ अक्षरांचे तुकडे. कुत्र्याचा जनुकसंच सुमारे 240 कोटी अक्षरांचा! त्यातही बरेचसे तुकडे मातीतल्या जिवाणूंचेच. ते वगळण्यासाठी संगणक प्रत्येक तुकडा कुत्र्याच्या जनुकसंचाशी ताडून पाहतो. वर्षानुवर्षं हा नमुना म्हणजे टाशा नावाची बॉक्सर कुत्री; तिचा जनुकसंच 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. पण तुकडा जुनाच आहे कशावरून? तर टोकांवरून. काळाच्या ओघात टोकाकडचं सायटोसीन बिघडतं आणि यंत्र ते थायमीन म्हणून वाचतं. ही चूक टोकांशी पुन्हा पुन्हा दिसली, की नमुना जुना. डीएनए अगदी धडधाकट निघाला, तर इथे कुणी खूश होत नाही, सगळे धास्तावतात.

एवढं करायचं, कारण जुनं हाड कुत्र्याचं की लांडग्याचं, हे नुसतं बघून भल्याभल्यांना सांगता येत नाही. सायबेरियात 2018 मध्ये सुमारे 18,000 वर्षांपूर्वीचं पिल्लू गोठलेल्या मातीत सापडलं, अगदी मिशांसकट. त्याचं नाव डोगोर. डीएनएनं निकाल दिला: लांडगा.

अँडर्स बर्गस्ट्रॉम, पाँटस स्कोग्लुंड, ग्रेगर लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये 27 प्राचीन कुत्र्यांचे जनुकसंच मांडले. 11,000 वर्षांपूर्वीच कुत्र्यांच्या किमान पाच शाखा फुटलेल्या होत्या, असं त्यातून दिसलं. पश्चिम आशियातून शेतकरी युरोपात गेले, तेव्हा त्यांची कुत्रीही बरोबर गेली. पण पुढे गवताळ प्रदेशातले पशुपालक आले, युरोपातली माणसं खूप बदलली, कुत्री मात्र फारशी बदलली नाहीत. माणूस जाईल तिथे त्याचं कुत्रं, हा आपला समज नेहमी खरा ठरत नाही.

अमेरिकेतली मूळ कुत्री तर युरोपीय लोक आल्यावर जवळजवळ नामशेष झाली. 2018 च्या अभ्यासानुसार त्यांचा आजचा सर्वात जवळचा नातेवाईक कुत्रा नाही, एक गाठ आहे. मीलनातून पसरणारा हा कर्करोग आपल्याकडच्या पशुवैद्यांच्या चांगल्या ओळखीचा; टीव्हीटी म्हणतात त्याला. गाठीतल्या पेशी आजारी कुत्र्याच्या नसतातच. हजारो वर्षांपूर्वी आशियात मेलेल्या एका कुत्र्याच्या पेशी अजून अंगोअंगी फिरताहेत. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या भटक्या कुत्र्याच्या अंगावरही त्या असू शकतात.

आपल्या जमिनीतून मात्र असं काही मिळवणं कठीण, कारण उष्णता डीएनएचा फडशा पाडते. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळी सापडलेल्या माणसांच्या बाबतीत तेच झालं. साठहून अधिक नमुने तपासून 2019 मध्ये एकाच बाईचा जनुकसंच हाती आला, तोही त्रोटक. म्हणून उत्खनन करणाऱ्यांना एक विनंती. कुत्र्याची कवटी निघाली तर ती पाण्यानं धुऊ नका, उन्हात वाळवू नका आणि पक्कं करणारं रसायन लावू नका. हातमोजे घालून ती कोरडीच पिशवीत भरा आणि थंड जागी ठेवा.