परदेशात हॉटेल काढायचे तर कायदा काय म्हणतो?

हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली आपली मुले दुबई, लंडन, बँकॉक येथे नोकरीला जातात आणि चार-पाच वर्षांनी स्वतःचे काहीतरी काढावे असे त्यांच्या मनात येते. दुसरीकडे, लुंबिनीची यात्रा करून आलेले उपासक-उपासिका म्हणतात की, तेथे आपल्या माणसांच्या राहण्या-जेवणाची सोय आपणच का करू नये? विचार उत्तम आहे. परंतु अशा कामात घातला जाणारा पैसा बहुधा निवृत्तीच्या वेळी मिळालेला फंड असतो किंवा गावची जमीन विकून आलेला असतो. धंदा चालला तरी कागद चुकीच्या नावावर असेल, तर तो पैसा परत हाती येईलच असे नाही. म्हणून कायद्याची बाजू आधी पाहावी.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करू. मराठीत चहा-भजीच्या टपरीपासून पंचतारांकित इमारतीपर्यंत सर्वांना आपण हॉटेलच म्हणतो. परदेशात मात्र मुक्कामाची जागा आणि खाण्याची जागा यांचे परवाने निरनिराळे असतात, आणि मद्याचा परवाना आणखी वेगळा. चौकशी करताना आपल्याला नेमके काय काढायचे आहे, हे स्पष्ट सांगावे.

आता लुंबिनीचेच उदाहरण घेऊ. नेपाळमध्ये भारतीय माणसाला राहण्यासाठी व्हिसा लागत नाही. त्यामुळे जमीनही सहज घेता येईल असा समज होतो. तो खरा नाही. परदेशी व्यक्तीला तेथे स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नाही. नेपाळमध्ये कंपनी नोंदवावी लागते, परकीय गुंतवणुकीची मंजुरी घ्यावी लागते आणि हॉटेलसाठी पर्यटन खात्याची परवानगी वेगळी. २०१९ च्या परकीय गुंतवणूक कायद्यानंतर किमान गुंतवणूक पाच कोटी नेपाळी रुपये ठरली होती. २०२२ मध्ये ती दोन कोटींवर आणली गेली. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर धरला, तर आपले सव्वा कोटी झाले! मग छोटे घर घेऊन होम-स्टे चालवू, असे कोणी म्हणेल. पण होम-स्टे आणि ग्रामीण पर्यटन हे व्यवसाय त्याच कायद्याने परदेशी गुंतवणुकीला बंद ठेवले आहेत. शिवाय जपानी वास्तुविशारद केंझो टांगे यांच्या १९७८ च्या आराखड्यातील परिसर लुंबिनी विकास कोषाच्या ताब्यात आहे. तेथे खासगी खरेदीचा प्रश्नच येत नाही.

अशा वेळी कोणीतरी भला माणूस भेटतो आणि म्हणतो, "जमीन माझ्या नावावर घ्या, हॉटेल तुमचेच." हाच खरा धोका. त्या माणसाची नियत बदलली, किंवा तो वारला आणि वारस पुढे आले, तर न्यायालयात आपण काय दाखवणार? थायलंडमध्ये तर हा सरळ गुन्हा आहे. तेथील १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यानुसार हॉटेल व खाद्यपेय विक्रीच्या कंपनीत परदेशी माणसांना, खास परवाना नसेल तर, निम्म्याहून कमीच भाग ठेवता येतो. आणि नावापुरता थाई भागीदार उभा केला तर दोघांनाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुबईत पूर्वी ५१ टक्के भाग स्थानिकाचा ठेवणे सक्तीचे होते. जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत ती अट राहिली नाही; तरीही जुन्या अटीची भीती घालून पैसे मागणारे दलाल भेटले तर सावध राहावे.

नोंदीचे महत्त्व नाशिककरांना नवे नसावे. आपल्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने वाटसरूंसाठी निवासस्थाने बांधल्याची नोंद तेथे आहे. भिक्षूंच्या चीवरांसाठी विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले, तेव्हा तो व्यवहार निगमसभेत वाचून दाखवून दप्तरी नोंदवला गेला. हा राजाचा जावई होता, तरी त्याने कागद पक्का केला.

लंडनची गोष्ट वेगळी. मुंबईच्या दोन मित्रांनी २०१० मध्ये हाऊन्सलो भागात वडापाव विकायला सुरुवात केली आणि पुढे 'श्रीकृष्ण वडापाव' हे नाव तेथे रुजले. इंग्लंडमध्ये खाद्यव्यवसाय सुरू करण्याच्या २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. तिला शुल्क नाही. शेंगदाणा, तीळ, मोहरी, दूध यांसह चौदा पदार्थांपैकी कोणता पदार्थ कशात आहे, हे गिऱ्हाइकाला सांगणे बंधनकारक आहे. आपल्या चटण्यांचा विचार करता ही बाब किरकोळ समजू नये.

आपल्याकडचा कायदाही तितकाच महत्त्वाचा. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. परदेशी कंपनीत भाग घ्यायचा असेल तर २०२२ चे परदेशी गुंतवणूक नियम लागू होतात: बँकेमार्फत अर्ज, रिझर्व्ह बँकेचा ओळख क्रमांक, आणि पुढे दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अहवाल. एप्रिल २०२५ पासून अशा कामासाठी वर्षात दहा लाखांवर जाणाऱ्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. तो विवरणपत्रात वळता करून मिळतो, पण तोवर तेवढा पैसा अडकतो हे हिशेबात धरावे. परदेशातील भाग व खाती विवरणपत्रात दाखवणे सक्तीचे आहे. हवाल्याने पाठवलेला पैसा तेथे गुंतवणूक म्हणून नोंदला जात नाही, त्यामुळे नफाही कायदेशीर मार्गाने परत आणता येत नाही. मुलगा परदेशातच स्थायिक असून स्वतःच्या तेथील कमाईतून धंदा काढत असेल, तर ही मर्यादा त्याला लागत नाही.

संस्थेच्या नावावर लुंबिनीत हॉटेल काढावे, अशी सूचना कोणी केली तर सभासदांनी हे जाणून घ्यावे: शिक्षण किंवा रुग्णालय चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थांनाच, तेही रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीने, परदेशात अशी गुंतवणूक करता येते. देणगीचा पैसा देशाबाहेर खर्च केल्यास करसवलतही धोक्यात येते.

विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही, मित्राच्या हॉटेलात भागीदार म्हणून राबताही येत नाही. तसेच २२ जुलै २०२५ पासून बाहेरून नवा आचारी बोलावण्याचा तेथील नेहमीचा व्हिसामार्ग बंद झाला आहे. तेव्हा "गावाकडचा आचारी नेऊ" या भरवशावर जागेचा करार करू नये. आधी तेथील वकिलाकडून व्हिसाची बाजू लेखी घ्यावी, मगच अनामत रक्कम भरावी.