इम्प्लांटचं बिल वाचताना

‘एका दाताचे किती?’ एवढंच विचारू नका. हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावरचा जोडतुकडा (अबटमेंट) आणि वरची कॅप असे तीन भाग असतात. सांगितलेल्या दरात तिन्ही धरलेत का, ते लिहून घ्या. खासगी दवाखान्यात एका दाताला साधारण २० ते ५० हजार रुपये लागतात. फरक मुख्यतः स्क्रूच्या कंपनीचा आणि कॅपच्या प्रकाराचा.

दात काढून वर्षं लोटली असतील तर तिथलं हाड झिजलेलं असतं. मग हाड भरावं लागलं, तर तो खर्च वाढतो. सीबीसीटी स्कॅनचे (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेचे) पैसेही बहुधा वेगळे.

स्क्रू हाडात रुजायला साधारण तीन ते सहा महिने जातात. तंबाखू, गुटखा, बिडी सुटली नसेल किंवा साखर आटोक्यात नसेल, तर तो न रुजण्याचा धोका वाढतो. एवढे पैसे घालण्याआधी हे डॉक्टरांपासून लपवू नका.

तुम्ही जालन्याचे असाल, तर तिथून सुमारे ६० किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. दुसरं मत तिथे जरूर घ्यावं. ब्रिज किंवा कवळीने भागत असेल, तर तेही स्पष्ट विचारा. स्क्रूच्या पाकिटावरचं कंपनी आणि बॅच क्रमांकाचं स्टिकर मागून फाइलला लावा. पुढे दुरुस्तीला दुसऱ्या डॉक्टरांना तेच लागतं.