काचेतलं पाणी (७) : परीक्षा किटचीच

नायट्रेट लिटरमागे 40 मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की टँकचं पाणी बदला, असं मागच्या भागात लिहिलं होतं. पण पाणी तपासायच्या किटचा आकडा खरा कशावरून, हे सांगायचं राहिलं.

माझ्या टँकमध्ये दोन महिने नायट्रेट 10 च येत होतं. काचेवर शेवाळ चढत होतं, मासे पोटभर खात होते, आणि किट आपलं 10 वर ठाम. शेवटी वैतागून 40 नायट्रेटचं पाणी घरीच बनवलं आणि तपासलं. किटने त्यालाही 10 च म्हटलं!

घोळ किटच्या दुसऱ्या बाटलीत होता. बऱ्याच किटमध्ये तिच्यात धातूची बारीक पूड असते. ती नायट्रेटचं नायट्राइट करते, आणि लाल रंग येतो तो त्या नायट्राइटमुळे. पूड तळाशी बसली की थेंबातून नुसतं वरचं पाणी पडतं, आणि रंग फिका येतो. बाटली टेबलावर ठोकून अर्धा मिनिट जोरात हलवली, तेव्हा तेच पाणी 40 वर आलं. किट ठीक होतं, हात आळशी होता.

असं आकडा आधीच माहीत असलेलं पाणी म्हणजे प्रमाण द्रावण. सुरुवात केएचच्या (कार्बोनेट कठीणतेच्या) किटपासून करावी, कारण त्यासाठी लागणारा खाण्याचा सोडा घरात असतोच (बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल आणि पिठूळ भर असते). लिटरभर पाण्यात 30 मिलिग्रॅम सोडा म्हणजे केएचचा एक अंश. पण 30 मिलिग्रॅम तोलणार कशावर? म्हणून उलटं करायचं: 30 ग्रॅम सोडा थोड्या पाण्यात विरघळवून वर एक लिटरपर्यंत पाणी भरायचं. हे झालं दाट द्रावण. त्यातलं 4 मिली मेडिकलमधल्या सिरिंजने घेऊन पुन्हा लिटरभर करायचं. हे बरोबर 4 अंशांचं पाणी. एका थेंबाला एक अंश मोजणाऱ्या किटमध्ये चौथ्या थेंबाला रंग पालटला पाहिजे. पाच-सहा थेंब लागू लागले, तर किट म्हातारं झालं असं समजावं.

नायट्रेटसाठी पोटॅशियम नायट्रेट लागतं, आणि त्यासाठी प्रयोगशाळेच्या दुकानात जायची गरज नाही. द्राक्षबागायतदारांना विचारा, ‘तेरा शून्य पंचेचाळीस’ खत म्हणजे तेच, आणि ते कृषी सेवा केंद्रात मिळतं. शुद्ध पोटॅशियम नायट्रेटच्या 101 ग्रॅममध्ये 62 ग्रॅम नायट्रेट असतं. म्हणून 16.3 ग्रॅमचं एक लिटर केलं, की दर मिलीत 10 मिलिग्रॅम नायट्रेट येतं. त्यातलं 1 मिली लिटरभर पाण्यात म्हणजे 10, आणि 4 मिली म्हणजे 40.

खत शुद्ध नसतं, ही शंका रास्त आहे. नायट्रोजन 13 टक्केच धरला तर 40 च्या जागी साडेसदतीस येईल. स्वयंपाकघरातला काटा एखादा ग्रॅम इकडेतिकडे दाखवेल, तीही सहा टक्क्यांची चूक. पण किटच्या रंगपट्टीवर 20 नंतर थेट 40 आणि मग 80! तिथे सहा टक्क्यांची काळजी करणं म्हणजे वाण्याच्या तराजूत मोती तोलणं.

पाणी मात्र चोख हवं. घरच्या आरओत थोडं नायट्रेट उरतं, एसीतून ठिबकणारं पाणी तांब्याच्या नळ्यांवरून येतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर चालतं, पण आधी तेच नुसतं तपासावं, शून्य यायला हवं. खाऱ्या पाण्याचा टँक असेल, तर प्रमाण द्रावणही ताज्या कालवलेल्या खाऱ्या पाण्यातच करा. मिठाने रंग बदलू शकतो.

किटचं माहितीपत्रकही वाचा. काही किट नायट्रेट मोजतात, काही त्यातला नुसता नायट्रोजन. 40 नायट्रेट म्हणजे नायट्रोजन फक्त 9. हा फरक न कळल्याने चांगलं किट फेकून देणारे लोक मी पाहिलेत.

दाट द्रावणाच्या बाटलीवर नाव, तारीख आणि ‘पिऊ नये’ असं ठळक लिहा. ती फ्रिजमध्ये ठेवणार असाल, तर घरच्यांना आधी सांगा. आमच्याकडे यावरून एकदा महाभारत झालंय.

आणि आकडा माहीत असताना रंग वाचू नका, डोळे हवं तेच बघतात. मी बायकोला 10, 20, 40, 80 च्या ट्यूब भरून खाली चिठ्ठ्या लावायला सांगितल्या. ट्यूबलाइटखाली 20 आणि 40 मध्ये गल्लत झाली. बाल्कनीत दिवसाउजेडी ते दोन ओळखता आले, पण 40 आणि 80 तिथेही मला सारखेच लाल दिसले. तेव्हापासून रंग गडद आला, की टँकचं पाणी एक भाग आणि डिस्टिल्ड तीन भाग मिसळून पुन्हा तपासतो, आणि आलेल्या आकड्याला चाराने गुणतो.